भारतीताईंचे बावीस मार्क

कदमकाकांच्या नाकात नळी होती. त्या नळीतून त्यांना दिवसभर थोडी थोडी पातळ पेज दिली जायची. आणि ते मला सांगत होते की जेवणाच्या बाबतीत आपल्याला काहीही अडचण नाही.

"शून्य ते दहामध्ये सांगा, काका. शून्य म्हणजे अगदी वाईट, दहा म्हणजे उत्तम."

"दहा."

"काका, तुम्हाला अजून तोंडाने घास घेता येत नाही."

"येईल की. मॅडम म्हणाल्यात."

"मी आजचं विचारतोय."

काकांनी दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "साळवेसाहेब, त्या बाईने अख्खा दिवस उभं राहून माझा जबडा बसवलाय. मी तिला नऊ देऊ? बरं दिसतं का?"

मी दहा लिहिले. पुढच्या सगळ्या प्रश्नांनाही दहाच आले. काकांना शंभरपैकी शंभर. माझ्या कागदाप्रमाणे परळमधला सर्वांत सुखी माणूस नाकात नळी घालून वॉर्डात पडला होता.

मी बायोस्टॅटिस्टिशियन आहे. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर जे अभ्यास करतात त्यातले आकडे गोळा करायचे, तपासायचे आणि त्यातून जे निघत नाही ते निघालं असं कोणी लिहू लागला तर त्याला अडवायचं, हे माझं काम. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी ते बरीच वर्षं करतोय. करी रोडला आमच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला, त्यात राहतो. पूल ओलांडून चालत कामावर जातो.

आमच्या प्लास्टिक सर्जरीच्या हेड नाडकर्णी मॅडम. त्यांना पुढेमागे चेहऱ्याचं प्रत्यारोपण करायचं होतं. म्हणजे मृत दात्याचा चेहरा, त्वचा-स्नायू-ओठांसकट, दुसऱ्या माणसाला बसवायचा. आमच्याकडे ते होत नाही. आमच्याकडे होतं ते असं, की कॅन्सरने किंवा भाजून चेहऱ्याचा भाग गेला तर रुग्णाच्याच मांडीची त्वचा, पायाचं हाड घेऊन तो भाग पुन्हा उभा करायचा. मॅडमचं म्हणणं, "उद्या आपण प्रत्यारोपणाची परवानगी मागितली तर पहिला प्रश्न येईल, आज जे करता त्याने माणसाचं आयुष्य सुधारतं का? ते मोजून ठेवा."

आयुष्य मोजायची रीत अशी. परदेशात चेहरा-प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी एक प्रश्नावली बनवलेली आहे. खाणं, बोलणं, आरशात बघणं, लोकांत जाणं, झोप वगैरे. प्रत्येकाला शून्य ते दहा, आणि शेवटी शंभरपैकी स्कोअर. तिचा रीतसर मराठी अनुवाद आम्ही केला होता. तिच्याबरोबर दोन नियमही घेतले होते. एक, विचारणाऱ्याने उत्तर सुचवायचं नाही, रुग्णाने दिलेला पहिला आकडाच लिहायचा. दोन, स्कोअर तिसाच्या खाली आला तर पुढचं ऑपरेशन सहा महिने थांबवायचं आणि तोपर्यंत मानसोपचार. दुसऱ्या नियमामागे विचार होता. मन खचलेल्या माणसाला वाटतं, अजून एक ऑपरेशन केलं की सगळं ठीक होईल. तसं होत नाही.

दोन्ही नियम एथिक्स कमिटीने मंजूर केले होते. एथिक्स कमिटी म्हणजे रुग्णावर अभ्यासाच्या नावाखाली अन्याय होऊ नये हे बघणारी समिती. दोन्ही नियम मी स्वतः टाइप केले होते. मला ते फार आवडायचे.

मग भारती तांडेल आल्या.

भारतीताई शिवडी कोळीवाड्याच्या. लालबागच्या बाजारात मासे विकतात. घरात सिलेंडरचा भडका उडाला त्यात नाकाखालचा चेहरा गेला होता. मॅडमनी हनुवटी आणि दोन्ही ओठ नव्याने केले. काम छान झालं होतं, पण खालचा ओठ वरच्याला टेकत नव्हता. चहा पिताना हनुवटीखाली वाटी धरावी लागायची. आणि बोलताना प, फ, ब, भ, म निघायचे नाहीत, कारण ओठाला ओठ लागल्याशिवाय ही अक्षरं निघतच नाहीत. त्यांचं बोलणं मी इथे नीट करून लिहितोय. तेव्हा ते समजायला बराच वेळ लागायचा.

इतर कोणाला हे एक वेळ चाललं असतं. पण मासे विकणाऱ्या बाईला ओरडावं लागतं. काय ओरडायचं? पापलेट, बोंबील, बांगडा, मांदेली. ओठ मिटत नसतील तर उरतात करली आणि तारली. तेवढ्यावर ओटा चालत नाही. म्हणून ओट्यावर पुढे त्यांची धाकटी जाऊ मंदा बसायला लागली होती, आणि भारतीताई मागे बसून मासे कापायच्या.

"सासूनं तो ओटा मना दिलेला," त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. "मंदा वाईट नाय. पन एकदा बूड टेकला का कोन उठतं?"

त्यावर उपाय होता. ओठ आवळून वर घ्यायचं एक छोटं ऑपरेशन. ते मासेमारीबंदीच्या दिवसांत करायचं ठरलं होतं. तेव्हा होड्या किनाऱ्याला असतात, बाजारात धंदा मंदा असतो. होड्या परत समुद्रात जाईपर्यंत ओठ भरून येणार आणि भारतीताई पुढे बसणार. सहा महिने पुढे ढकललं तर अर्धाअधिक हंगाम मंदाचा. मग ओटाही मंदाचाच.

ऑपरेशनआधी प्रश्नावली भरायला मी त्यांना माझ्या खोलीत बसवलं.

"लोकांशी बोलताना कसं वाटतं? शून्य ते दहा."

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. "दोन."

मी लिहिलं. त्या बघतच राहिल्या.

"लिवला?"

"हो."

"दोनच?"

"तुम्ही दोन म्हणालात ना?"

त्यांनी पदर सावरला. चेहऱ्यावर नाराजी. माझ्याकडून काहीतरी राहिलंय असं वाटलं, पण काय ते कळेना. पुढचा प्रश्न आरशाचा. "एक," त्या म्हणाल्या आणि पुन्हा थांबल्या. मी लिहिलं. खाण्याला दोन. लोकांत मिसळण्याला तीन, पण ते तीन म्हणताना त्या जागेवरून अर्धवट उठल्या आणि पिशवी उचलली. पुन्हा बसल्या. मी वाट बघितली. काही बोलल्या नाहीत म्हणून तीन लिहिले.

एकूण स्कोअर बावीस.

मी नियमाप्रमाणे ऑपरेशन थांबवल्याचा शेरा मारला आणि त्यांना मानसोपचार विभागात डॉक्टर शहांकडे पाठवलं. दुपारी शहांची चिठ्ठी आली, पाठोपाठ फोन.

"साळवे, ही बाई खचलेली वगैरे अजिबात नाही हं. झोप उत्तम, भूक उत्तम. मला विचारत होती, अजून लग्न का नाही केलं, स्थळ बघू का."

"तुमच्या चिठ्ठीने स्कोअर बदलत नाही, डॉक्टर. नियमात स्कोअरच आहे."

"हा नियम कोणी लिहिला?"

मी विषय बदलला.

संध्याकाळी मॅडमनी बोलावलं. "साळवे, माझी पेशंट ऑपरेशनच्या यादीतून गायब कशी झाली?"

मी कागद पुढे केला.

"बावीस? अहो, काल लिफ्टमनशी पाच मिनिटं भांडत होती ती! खचलेली माणसं भांडतात का?"

"भांडणाचा प्रश्न प्रश्नावलीत नाही, मॅडम."

"पुन्हा विचारा."

"सहा महिन्यांनी."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे त्या ऑपरेशन थिएटरमध्ये कोणाच्या हातून चिमटा पडला तर करतात.

त्या रविवारी सुनीताने, म्हणजे माझ्या बायकोने, मला बोंबील आणायला लालबागला पाठवलं. एरवी ती स्वतः जाते. माझ्यावर सोपवत नाही, त्याचं कारण पुढे येईल. बाजारात मंदाचा ओटा दिसला. भारतीताईंची ओळख म्हणून तिथे गेलो. भारतीताई मागे पाठमोऱ्या बसून सुरी चालवत होत्या. मंदाने भाव सांगितला. मी पाकीट काढलं.

सुरी थांबली.

"काय करता तुमी?" भारतीताई वळून उभ्या राहिल्या.

"पैसे देतोय."

"तिनं सांगितलं तेवरं?"

"हो."

त्या मंदाकडे वळल्या. "बघ गो! तुला बोलले ना मी? हा मानूस पहिलाच आकडा घेतं!"

मंदाने हात तोंडावर ठेवला. "हास्पिटलात पन?"

"हास्पिटलात पन! मी दोन बोलले. मना वाटला हा आठ बोलंल, मग पाचावर मिटंल. यानं गुपचूप दोन लिवला. मी उठून पिशवी पन उचलली, तरी बसा बोलला नाय!"

आजूबाजूच्या ओट्यांवरच्या बायका मान वळवून माझ्याकडे बघायला लागल्या. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलातला माणूस, आणि अशी अवस्था.

"भारतीताई, तो भाव नव्हता," मी म्हणालो. "तुम्हाला कसं वाटतं ते विचारत होतो."

"तेच सांगतंय मी. बरं चाललंय असं कोन बोलतं? बरं चाललंय बोललं तर गिऱ्हाईक भाव पाडतं. सोयरे उसने मागतात. नि डॉक्टर बोलंल, बरं हाय ना तुजं, मग कशाला पायजे ओठ?"

"मग खरा आकडा किती?"

भारतीताई आणि मंदा एकमेकींकडे बघून हसल्या. "खरा आकडा कोन सांगतं काय?"

मी बोंबील घेऊन घरी गेलो. सुनीताने पिशवी हातात घेतली, भाव विचारला आणि म्हणाली, "पुन्हा जाऊ नका तुम्ही."

सोमवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या खुर्चीत मागे रेलल्या. "संपलं तर मग! पाच लिहा. यादीत घ्या."

"पाच तिने सांगितलेले नाहीत, मॅडम."

"अहो, आत्ताच तर म्हणालात, पाचावर मिटलं असतं!"

"ओट्यावर म्हणाली. सुरी हातात घेऊन. ते उत्तर धरता येणार नाही. शिवाय पाच हा सौदा झाला. तिला मनात सात वाटत असतील, चार वाटत असतील. आपल्याला माहीत नाही."

"म्हणजे तुम्हाला कळलंय की बावीस चूक आहे, तरी तुम्ही बावीसच ठेवणार?"

"हो. आकडा बदलणार नाही. पण बावीस कमी आहेत का, हे तपासता येईल. तीस ही रेघ परदेशातल्या लोकांवरून आखलेली आहे. मासळी बाजारात धडधाकट चेहऱ्याच्या बाईला किती मार्क मिळतात, हे आपण कधी विचारलंच नाही."

"धडधाकट माणसाला शंभर मिळतील. नव्वद तरी."

"तुम्ही भरून बघता का?"

मॅडमनी पेन ओढून घेतलं आणि भराभर भरलं. झोप, तीन. लोकांत मिसळणं, दोन. निवांत बसून जेवण, शून्य. आरशात स्वतःकडे बघून कसं वाटतं, इथे त्या जरा थांबल्या आणि चार लिहिलं. मी बेरीज केली. मग पुन्हा केली.

"किती?"

"अठ्ठावीस."

नियमाप्रमाणे मॅडमचंही ऑपरेशन थांबवावं लागलं असतं. म्हणजे त्या करतात ती सगळी. मी तसं बोललो नाही, पण त्यांना कळलं. "जा," त्या म्हणाल्या. "बाजारात जा."

बाजारात जायच्या आधी मी कमिटीची परवानगी घेतली. संमतीपत्रं छापली. ज्यांचा चेहरा शाबूत आहे पण धंदा तोच आहे अशा बायकांचा हा तुलनागट. एखादा आकडा जास्त की कमी हे ठरवायचं तर त्याच्याशेजारी ठेवायला दुसरा आकडा लागतो, आणि तो त्याच आळीतला लागतो. दुपारी गिऱ्हाईक ओसरतं तेव्हा मी एकेका ओट्यासमोर स्टूल टाकून बसलो.

"तोंड उघडताना त्रास होतो का?"

"मना नाय होत. ह्याना होतो," पहिल्या बाईने मागे बसलेल्या नवऱ्याकडे मान उडवली. "लिवा तीन."

"आरशात बघून कसं वाटतं?"

"आरसा बघायला येल कोनाला हाय? एक."

"अनोळखी लोक तुमच्या चेहऱ्याकडे टक लावून बघतात, याचा त्रास होतो का?"

"बघत नाय, तीच तर तक्रार हाय! मंदाकडे बघतात सगले. लिवा शून्य."

"झोप कशी लागते?"

"उभ्या उभ्या लागते. पन दोनच लिवा."

प्रत्येक आकडा सांगून झाला की त्या थांबायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी सुचवायचं नाही या नियमाला धरून तोंड मिटून बसायचो. एकीने कंटाळून विचारलं, "तुमी काय बोलतच नाय. असं कवा जमायचं?" दुसरी तिला म्हणाली, "अगो, हा तसाच हाय. भारती बोलली ना."

मंदानेही भरलं. तिच्या ओट्यावर दुपारीही गिऱ्हाइकांची रांग होती, गल्ला भरलेला होता, आणि तिने धंद्यात समाधान किती याला एक दिला. संमतीपत्रावर सही करताना मात्र मला हळूच म्हणाली, "वयनीचा ओठ करून टाका हो सायेब. मागं बसून दिवसभर शिकवत असते मला. पुढं बसली तर निदान गिऱ्हाइकांना शिकवंल." हे प्रश्नावलीत नव्हतं म्हणून मी लिहिलं नाही. पण लक्षात ठेवलं.

आकडे मांडले. बाजारातल्या एकीलाही तीस मिळाले नव्हते. भारतीताईंचे बावीस हे बाजारात वरून दुसऱ्या क्रमांकाचे होते. त्यांच्यापुढे फक्त एक आजी होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं आणि त्यांची उत्तरं सुनेने दिली होती, त्यामुळे त्या मी वगळल्या. म्हणजे भारतीताई पहिल्या.

कमिटीचे अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश आहेत. शिवाजी पार्कला राहतात, सकाळी मैदानाला फेऱ्या मारतात आणि येताना मासे घेऊन जातात. त्यांनी माझा तक्ता दोनदा वाचला.

"साळवे, या तक्त्यावरून बाजारातल्या सगळ्या बायका मानसोपचार विभागात पाठवायला हव्यात."

"नाही, सर. त्या घासाघीस करतायत."

"कोणाशी?"

"माझ्याशी. पहिला आकडा हा बोलायला सुरुवात म्हणून असतो. उत्तर म्हणून नसतो. आमच्या नियमात पहिलाच आकडा घ्यायचा असं आहे."

"पहिला आकडा कोणीच खरा सांगत नाही?"

"मला तसंच सांगण्यात आलं, सर."

अध्यक्षांनी तक्ता खाली ठेवला. "मी गेली कित्येक वर्षं पापलेट घेतोय," ते म्हणाले. "ती सांगते तेवढे देतो. मला वाटायचं, भाव ठरलेले असतात."

"मलाही तसंच वाटायचं, सर."

कमिटीतल्या वकीलबाई खाली बघून हसत होत्या. मग अध्यक्षांनी सगळी कागदपत्रं ओढून घेतली. डॉक्टर शहांची चिठ्ठी वाचली. मला विचारलं, "तुम्ही तिचा आकडा बदललात का?"

"नाही."

"बदलू नका. नियम बदला." तिसाची रेघ गेली. आता स्कोअर माणसाच्या स्वतःच्या पेशातल्या लोकांशी ताडून बघायचा, आणि ऑपरेशन थांबवायचं की नाही हे मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णाशी बोलून ठरवायचं. मी तिथेच बसून टाइप केलं. भारतीताईंचं नाव त्याच संध्याकाळी पुन्हा यादीत आलं, बंदी संपायच्या बऱ्यापैकी आधी.

ऑपरेशन झालं. ओठ भरून आला. नारळी पौर्णिमेनंतर होड्या गेल्या, आणि काही दिवसांनी भारतीताई तपासणीला आल्या. माझ्या खोलीत चहा मागवला. वाटी न धरता त्यांनी तो संपवला. एक थेंब सांडला नाही. मग मी प्रश्नावली काढली.

"लोकांशी बोलताना कसं वाटतं?"

"दोन," त्या म्हणाल्या, आणि बघत राहिल्या. "सालवेसायेब, तुमी काय देता?"

"मी काही देत नाही. मी लिहितो."

"लिवा मग. तुमाला सांगून उपेग नाय."

स्कोअर तेवीस. मॅडमच्या अभ्यासात ही सुधारणा एका मार्काची म्हणून नोंदली आहे. कदमकाकांची नळी निघाली, ते आता भात-आमटी खातात, सणाला पुरणपोळीही खाल्ली. त्यांचा स्कोअर आधी शंभर, नंतर शंभर. सुधारणा शून्य. मॅडम हे दोन आकडे घेऊन प्रत्यारोपणाची परवानगी मागायला जायला अजून तयार नाहीत. मी त्यांना घाई करत नाही. तक्त्यात एक नवा रकाना मात्र घातला आहे: हा आकडा कोणी, कुणाला आणि काय पदरात पडेल या आशेने सांगितला. तो भरल्याशिवाय माझ्याकडे आता बेरीज होत नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी सुनीताला न सांगता लालबागला गेलो. बाजाराच्या तोंडाशीच आवाज ऐकू आला. "पापलेट! बोंबील! मांदेली! ताजा माल, बाय, बघून तर जा!" सगळी अक्षरं जागच्या जागी. भारतीताई ओट्यावर पुढे होत्या. मंदा मागे कापायला बसली होती आणि मला बघून तिने सुटका झाल्यासारखे डोळे मिटले.

मी पापलेटचा भाव विचारला. त्यांनी सांगितला. मी मनाशी हिशेब केला आणि निम्मा सांगितला.

भारतीताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा नवा ओठ एका कोपऱ्यातून हळूहळू वर गेला. हसताना तो तेवढाच वर जातो, मॅडम म्हणतात अजून सुधारेल.

"मंदे," त्या मागे न बघता म्हणाल्या, "सायेब बोलायला लागला गो."

पाऊण भावावर मिटलं. घरी सुनीता म्हणाली, अजून उतरले असते.